कमी पडायला नको

बाबांच्या चेतकचं उजवं साइड पॅनेल गंजून खालून पापडासारखं तुटायला लागलं. शहाण्या माणसाने जुन्या बाजारातून दुसरं आणलं असतं. मी ते फायबर ग्लासचं घरीच बनवायचं ठरवलं. तेही ब्रशने रेझिन, म्हणजे नंतर कडक होणारं चिकट द्रव, फासून नाही, व्हॅक्यूम इन्फ्युजनने. साच्यात कोरडं ग्लासचं कापड अंथरायचं, त्यावर जाळी, त्यावर प्लास्टिकची पिशवी. पंपाने हवा ओढली की रेझिन नळीतून आपोआप आत येतं. त्या 'आपोआप'ला मी भुललो.

तीन आठवडे वही भरली. 1856 मध्ये हेन्री डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने वाळूतून पाणी कसं झिरपतं ते मांडलं, त्याच हिशोबाने रेझिन कापडातून सरकतं. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. म्हणून रेझिनची नळी आखूड बाजूला न लावता लांब बाजूला लावली. 60 सेंटिमीटरचा प्रवास 40 वर आला, म्हणजे वेळ निम्म्याहून कमी. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

एप्रिलमधल्या रविवारी गच्चीवर पंप चालू केला. व्हॅक्यूम मोजणारा काटा पाऱ्याच्या 28 इंचांवर जाऊन थांबला. पुस्तकात तर जवळजवळ 30! दुकानदाराला फोन करायला नंबर काढला आणि आठवलं, पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटर उंच आहे. इथे मुळात हवाच कमी, तर पंप बिचारा कुठून आणणार? तरी पिशवीवर सव्वादोन टनांचा भार होता. चार म्हशी बसल्यासारखा. साचा हूं की चूं करत नव्हता.

मग पंप बंद करून, नळी आवळून गळतीची परीक्षा. काटा अर्धा तास हलता कामा नये. माझा पाच मिनिटांत 22 वर आला.

पुढचे दोन तास मी साच्याभोवती रांगत होतो. पिशवीच्या कडेला च्युइंगमसारखी चिकट पट्टी असते, ती इंचाइंचाने दाबत. वाळवण बघायला आलेली आई थोडा वेळ उभी राहिली. मग कोपऱ्याकडे कान नेऊन म्हणाली, "इथे सूं करतंय. कुकरची रिंग सैल झाली की असंच करतो."

पिशवीला कोपऱ्यात मी जी चुणी घातली होती, तिच्या पोटात केसाएवढी फट होती.

"ही काय चुणी आहे? मोदकाची कळी अशी पाडलीस तर वाफेत फुटेल." तिने दोन बोटांनी चुणी उभी धरली, पट्टीचा तुकडा आत सारला, अंगठ्याने चेपला. सूं बंद. पुढचा अर्धा तास काटा जागचा हलला नाही. माझ्या वहीत चुण्यांवर एक ओळ नव्हती.

रेझिनचा हिशोब मात्र चोख होता. कापड 288 ग्रॅम, त्याला रेझिन दीडशे, जाळी आणि नळ्या तेवढंच पिणार, म्हणजे 300. मी 600 कालवलं. भांडं मध्येच रिकामं झालं तर नळीतून हवा आत शिरते आणि सगळं मुसळ केरात, हे खरं कारण. पण आतून आवाज आला तो आमच्या घरातल्या प्रत्येक पंगतीचा: कमी पडायला नको!

पांढऱ्या कापडात रेझिन शिरलं की ते काचेसारखं पारदर्शक होतं. ती ओली रेघ हळूहळू पुढे सरकताना बघणं म्हणजे निव्वळ समाधी. वीस मिनिटांत रेघ पलीकडे टेकली, मी नळी आवळली. तेवढ्यात मागून वास आला.

रेझिनच्या डब्यावर लिहिलेला घट्ट होण्याचा वेळ 100 ग्रॅमचा आणि 25 अंशांचा असतो. माझ्याकडे उरलेलं 300 ग्रॅम होतं, गच्चीवर 38 अंश, आणि भांडं म्हणजे श्रीखंडाचा किलोचा डबा. घट्ट होताना रेझिन तापतं; पातळ थरात ती उष्णता निघून जाते, ढिगात कोंडते. डबा एका बाजूला कलला, धूर सोडायला लागला आणि सावकाश बसला. आईचे पोह्याचे पापड दोन हातांवर होते. त्यातले निम्मे गेले. त्या दिवशी जेवताना मला फक्त वाढण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी पॅनेल साच्यातून निघालं. चकचकीत, एक बुडबुडा नाही. आईने हात फिरवला आणि बोट एका जागी थांबलं. साचा मी जुन्या पॅनेलवरूनच काढला होता. त्यावरचा पोचा लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून घासला होता, पण सुकताना लांबी बसली असणार.

तिने जिन्यातूनच हाक मारली, "अहो, तुमचं पार्किंग हुबेहूब उतरलंय!"