तुरटीच्या पाण्याचा तो मेसेज गरोदर बायकांना पाठवू नका

खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळ्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरालाय. दिवस गेलेल्या बाईच्या अंगावरून वास येणारं पांढरं जात असेल तर ती उष्णता, दवाखान्याची गोळी घेतली तर बाळात व्यंग येतं, त्यापेक्षा तुरटीच्या पाण्यानं आतून धुवा, हे म्हणे नवऱ्याच्या भानगडीमुळंच होतं, आणि यानं बाळंतपण पण दिवस भरण्याआधीच होतं. मला तर कन्नडमधून पण आलाय.

उष्णता वगैरे काही नाही. गरोदरपणात पांढरं जरा जास्त जातंच, वास नसेल, खाज नसेल तर गप्प बसा. पण करड्या रंगाचं पातळ आणि माशासारखा वास, त्यात संबंधानंतर जास्त, असं असेल तर बहुतेक बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे आतले चांगले जंतू (लॅक्टोबॅसिलस) कमी होऊन दुसरे वाढलेले असतात, ते सब्जा पिऊन जात नाही. दह्यासारखं घट्ट आणि खाज असेल तर बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं.

आता गोळीचं, कारण खरी भीती इथंच हाय. डॉक्टर सहसा मेट्रोनिडाझोल देतात, 7 दिवस, नाहीतर क्लिंडामायसिन. मेट्रोनिडाझोल पूर्वी पहिल्या तीन महिन्यांत टाळायचे, पण इतक्या वर्षांच्या अभ्यासात बाळाला व्यंग येतं असं दिसलेलं नाही. तोंडाला लोखंडासारखी चव येते, मळमळतं, म्हणून तिसऱ्या दिवशी सोडून देतात बायका, तसं करू नका. आणि टिनिडाझोल गरोदरपणात टाळतात, नाव ऐकायला सारखंच, तेव्हा मेडिकलमध्ये जाऊन ‘तसलीच द्या’ म्हणायचं नाही.

तुरटीनं आतून धुतलं की उरलेले चांगले जंतू पण जातात. बाहेरून साधं पाणी पुरे.

नवऱ्याचं म्हणाल तर एकनिष्ठ जोडप्यातही हे होतं, त्यावरून भानगडीचा पुरावा निघत नाही. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात नवऱ्यालाही औषध दिल्यावर परत होण्याचं प्रमाण कमी झालं, एवढं खरं. म्हणजे परत परत होत असेल तर त्यालाही दवाखान्यात घेऊन जा, भांडत बसू नका.

मेसेजमधली एकच गोष्ट अर्धी खरी, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याशी याचा संबंध दिसतो. पण त्रास नसलेल्या प्रत्येकीला गोळ्या देऊन ते टळतं असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून सरसकट तपासणी करत नाहीत. आधीचं बाळ लवकर झालं असेल तर मात्र डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

अवघड तिथंच जातं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी कार्ड) टेबलावर ठेवायचं, डॉक्टर विचारणार काय त्रास, आणि सासूच म्हणणार, ‘काय नाही ओ, सगळं बरं हाय.’ सासूबाईंना बाकड्यावर बसवा आणि ‘वास येतो’ एवढं स्वतः सांगा. पाणी गेलं, रक्त दिसलं, ताप आला, पोट आवळून यायला लागलं तर 9 तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.