खुलासा : मॅककाउनचं नाव एका पक्ष्यावरून का गेलं

‘अमेरिकेत युद्धात कामी आलेल्या सैनिकांची नावं पक्ष्यांवरून पुसली जात आहेत, पहिला बळी मॅककाउन’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

अमेरिकन लष्करी अधिकारी जॉन पी. मॅककाउन रणांगणावर पडला नाही. अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, तो वारला 1879 मध्ये. पक्ष्याचं नावही स्मारक म्हणून दिलेलं नव्हतं. टेक्सासमध्ये नेमणुकीवर असताना त्याने चंडोलांच्या थव्यावर गोळी झाडली. पडलेल्या पक्ष्यांत दोन निराळे निघाले, ते त्याने न्यूयॉर्कच्या पक्षीतज्ज्ञ जॉर्ज लॉरेन्सकडे पाठवले. लॉरेन्सने 1851 मध्ये त्यांना संग्राहकाचं नाव दिलं, म्हणजे युद्धाच्या दहा वर्षं आधी. पुढे मॅककाउन गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात जनरल झाला. आक्षेप त्यावर होता, आणि आमच्या मते तो रास्त होता.

2020 मध्ये बदललं ते फक्त इंग्रजी नाव : ‘मॅककाउन्स लाँगस्पर’चा ‘थिक-बिल्ड (जाड चोचीचा) लाँगस्पर’ झाला. शास्त्रीय नाव ऱ्हिन्कोफेनीस मॅककाउनाय तसंच आहे, कारण तिथे आधी प्रसिद्ध झालेल्या नावाचा अग्रहक्क चालतो. नावाचा मानकरी कसा होता, हे पाहिलं जात नाही.

पक्षीनिरीक्षणाच्या नोंदवहीतलं जुनं नाव खोडू नका. शेजारी नवं आणि शास्त्रीय नाव लिहा, नाहीतर जुन्या नोंदी वेगळ्या जातीच्या वाटतात.

व्यक्तींवरून पडलेली पक्ष्यांची नावं बदलण्याचा 2023 चा निर्णयही अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी या पक्षीशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या कक्षेतल्या इंग्रजी नावांपुरताच आहे. आपल्याकडचा ‘जर्डन्स कोर्सर’ हा जर्डन या व्यक्तीच्या नावाचा पक्षी त्यात येत नाही.