म्हणे ‘३२ करा, अख्खं जग दिसेल’!

परवा भाच्याचा फोन आला, "मामा, अँटिव्हायरस बंद कसा करतात?" हा पठ्ठ्या आईच्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगाचा गेम खेळतो, आणि त्याच लॅपटॉपवर तिचं नेटबँकिंग चालतं. खोदून विचारलं तेव्हा पोरांच्या ग्रुपमध्ये फिरणारा मेसेज हाती लागला. सर्व्हरवर (सगळे मिळून खेळतात ते जग चालवणाऱ्या मशीनवर) लांबचं दिसत नसेल तर व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं जग दिसावं तो आकडा, ३२ करा, रॅम दुप्पट द्या, गेममधलं दूरचं धुकं घालवा आणि लिंकवरून 'लांब बघायचा' मॉड (गेमला जोडायचा जादा प्रोग्राम) उतरवा. अँटिव्हायरस अडवेल, तो बंद ठेवा, मॉड दिसला की तो उगाच ओरडतो.

उगाच? जून २०२३मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर कर्सफोर्ज आणि बुकिट या नावाजलेल्या साइटींवरच्या मॉड-प्लगिनांतून पसरला. ब्राउझरच्या कुकीज, डिस्कॉर्ड आणि मायक्रोसॉफ्टचं लॉगिन चोरायचा, वर मशीनवरच्या इतर जार (जावा प्रोग्रामच्या) फायलींत स्वतःला घुसवायचा. अँटिव्हायरस कधीकधी खोटी बोंब मारतो, मान्य. म्हणून कुणा बेनामी लिंकसाठी तो बंद करायचा? आणि तोही आईच्या लॅपटॉपवर?

आता ते ३२. गेमच्या जावा एडिशन या कम्प्युटरवरच्या आवृत्तीच्या सर्व्हरवर हा आकडा मुळात १० असतो. म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे). ३२ केलं की ६५ गुणिले ६५, ४,२२५. साडेनऊ पट! त्यात चौघं चार दिशांना पांगले की चौपट काम, आणि नवा मुलूख असेल तर तो आधी तयारही करावा लागतो. एका टिकला, म्हणजे गेमच्या घड्याळाच्या एका ठोक्याला, मिळतात ५० मिलिसेकंद. ते पुरले नाहीत की लॅग, मग लांबचा डोंगर दिसतो आणि समोरचा दगड फुटता फुटत नाही. आपल्या मशीनवर ३२ ठेवून सर्व्हर १०वरच असेल तर मिळतात दहाच, हे तर मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

रॅमने प्रोसेसरचं काम हलकं होत नाही. धुकं घालवलंत तर जग जिथे संपतं तिथली कापलेली कड दिसेल, पुढचं नाही.

मॉडने लांबचं दिसतं, हे मात्र अर्धं खरं. डिस्टंट होरायझन्स हा मॉड दूरचा भाग ढोबळ आकारात दाखवतो, दिसतोही छान. पण सर्व्हरवर तो बसवलेला नसेल तर तुम्ही जिथे फिरून आलात तेवढंच दाखवतो. बॉबी या दुसऱ्या मॉडचंही तसंच, सर्व्हरने आधी पाठवलेले चंक तो साठवून ठेवतो.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. गेमच्या १.१८ आवृत्तीपासून सिम्युलेशन डिस्टन्स वेगळा झालाय. गाईगुरं, पिकं, यंत्रं किती अंतरापर्यंत चालू राहणार ते त्याच्यावर ठरतं. तो खाली आणा, व्ह्यू थोडा वाढवा, आणि चंकी हे जग आधीच तयार करून ठेवणारं साधन वापरून नकाशा रात्रीच तयार करून ठेवा. भाच्याच्या सर्व्हरवर आता व्ह्यू १२ आणि सिम्युलेशन ६ आहे. ज्याला ३२च हवेत त्याने सर्व्हरचं भाडं भरावं.