‘खरा टोन ट्यूबचाच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बडोद्यातल्या गिटारवाल्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय. खरा टोन फक्त ट्यूब अ‍ॅम्पचा, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा. ट्यूबचे 15 वॅट म्हणजे ट्रान्झिस्टरचे 50. ट्यूब सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट असे वरचे सूर) देते म्हणून आवाज गोड, ट्रान्झिस्टर विषम देतो म्हणून कर्कश. सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाला अ‍ॅम्प, शिकाऊंसाठी. हे वाचून दांडिया बाजार-रावपुऱ्यातली मुलं घरी हट्ट धरतात आणि आईबाबा ऐपतीबाहेरचे पैसे मोजतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वॅट हा वॅटच असतो. ट्यूब अ‍ॅम्प मर्यादेपलीकडे रेटला की आवाज हळूहळू फाटतो, आणि गिटारवाल्याला तो फाटका आवाज हवाच असतो, म्हणून तो व्हॉल्यूम वाढवतच जातो. सॉलिड स्टेटचा पॉवर सेक्शन (स्पीकरला ताकद देणारा शेवटचा भाग) फाटला की खरखर नकोशी होते, म्हणून तिथे हात आधीच थांबतो. ‘ट्यूबचे वॅट मोठे’ हा समज यातूनच आला. शिवाय 15 आणि 50 वॅटमध्ये फरक असतो जेमतेम 5 डेसिबलचा. 97 डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॅटवर किती मोठा वाजतो ते माप) स्पीकरऐवजी 100 चा लावलात, तर वॅट दुप्पट केल्याइतकं काम होतं. गरब्याच्या मोठ्या मैदानावर तर अ‍ॅम्पसमोर माइक तरी असतो, नाहीतर गिटार थेट मिक्सरला जाते, म्हणजे आवाज मोठा करते ती साउंड सिस्टिम.

सम-विषमाचा दावा अर्धवट आहे. प्रीअ‍ॅम्पमधली (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) एकेक ट्यूब लाटेची एक बाजू जास्त दाबते, त्यातून सम हार्मोनिक येतात, हे खरं. पण बहुतेक मोठ्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब जोडीने, पुश-पुल पद्धतीने (एक ढकलते, एक ओढते) चालतात. तिथे जोडीतल्या दोघींचे सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे मारतात आणि उरतात मुख्यतः विषम. म्हणजे जोरात वाजणाऱ्या ज्या मार्शल कंपनीच्या अ‍ॅम्पवर सगळे जीव टाकतात, त्याच्या पॉवर सेक्शनचा फाटका आवाज बराचसा विषमच! ट्यूबवाल्यांचं लाडकं, आवाज फाडणारं ट्यूब स्क्रीमर पेडल उघडा: ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप), सिलिकॉन डायोड, ट्यूब एकही नाही. मार्शलच्या जेसीएम 900 ड्युअल रिव्हर्बमध्येही डिस्टॉर्शनसाठी, म्हणजे आवाज फाडायला, डायोड वापरलेत.

शिकाऊंसाठी? 1975 मध्ये आलेला रोलंड कंपनीचा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प जेसी-120 क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, टोनचा मानदंड मानला जातो. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग लॅब सिरीजच्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पवर वाजवत, मेटल बँड पँटेराचा गिटारवादक डायमबॅग डॅरेल रँडल कंपनीच्या.

ट्यूबचं सुख खोटं नाही. उघड्या व्हॉल्यूमवरच्या ट्यूब अ‍ॅम्पसमोर गिटारची नॉब जरा मागे घेतली की आवाज निवळतो, बोटांचा हलका-जड दाब तसाच्या तसा ऐकू येतो. मलाही तो आवाज फार आवडतो. पण त्यासाठी अ‍ॅम्प मोठ्याने चालवावा लागतो, आणि शेजाऱ्याची भिंत लागून असलेल्या घरात ते रोज जमणार नाही. पॉवर ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, अनेक अ‍ॅम्पमध्ये बायस (ट्यूबमधून किती वीज वाहते त्याचं सेटिंग) पुन्हा लावावा लागतो. तो खर्चही आधीच हिशेबात धरा.

घेण्याआधी दोन्ही अ‍ॅम्प एकाच स्पीकर कॅबिनेटवर, सारख्याच आवाजात ऐका. किमतीची चिठ्ठी बघू नका. फक्त कॅबिनेटची वायर काढताना ट्यूब अ‍ॅम्प आधी बंद करा, स्पीकरशिवाय चालू राहिला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.