रेडिओलहरी सगळ्यांसाठी मोकळ्या होऊ द्यायच्या नसतील तर काय काय कराल

सगळ्यात आधी डोक्यात पक्कं बसवा की स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाईल, टीव्ही, वायफाय ज्यावर चालतात ते रेडिओलहरींचे पट्टे, ही जमीन आहे. तिचे तुकडे पडतात, तिचा सातबारा निघतो आणि शेजाऱ्याने बांध कोरला की डोकी फुटतात. रेडिओलहरी एकमेकींतून आरपार निघून जातात, गोंधळतो तो रिसीव्हर, असं कोणी फिजिक्सवाला सांगायला लागला तर विषय बदला. कारण 'इंटरफिअरन्स', म्हणजे एका सिग्नलचा दुसऱ्याला होणारा अडथळा, हा बऱ्याचदा हवेचा नाही तर ढिसाळ रिसीव्हरचा दोष असतो हे एकदा लोकांना कळलं की ते म्हणणार, मग रिसीव्हरसाठी नियम करा ना, आणि तिथे तुमची पंचाईत.

मग लिलावाचे आकडे फेका, मोठे. 2000 साली ब्रिटनने 3जीची पाच लायसन्स विकून 22.5 अब्ज पौंड काढले, जर्मनीने त्याच वर्षी सहा लायसन्सचे 50 अब्ज युरोच्या वर. त्या सहापैकी दोघांची 3जी सेवा कधी सुरूच झाली नाही, हे मात्र बोलायचं नाही. पट्टा पडून राहिला तरी चालेल, मालक असला पाहिजे.

आता अवघड प्रश्न, 2.4 गिगाहर्ट्झचा. हा पट्टा म्हणजे खरं तर उकिरडा, ओव्हन आणि कारखान्यातल्या हीटरसाठी सोडलेला, बाकी कुणाला नको होता. 1985 मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, ठरवलं की इथे (आणि अशाच अजून दोन पट्ट्यांत) कमी पॉवरवर, सिग्नल रुंद पट्ट्यात पसरवून, कोणीही विनालायसन्स बोलावं, फक्त दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि स्वतःला झाला तर निमूट सोसायचा. लिलाव नाही, अर्ज नाही, कुणाच्या पाया पडणं नाही. आणि त्या जेमतेम 83.5 मेगाहर्ट्झच्या उकिरड्यात वायफाय उगवलं, ब्लूटूथ उगवलं. तुम्ही म्हणायचं, योगायोग!

फक्त घरात कोणाला नीट बघू देऊ नका. ओव्हन लावला की व्हिडिओ कॉल जरा अडखळतो, पण बंद पडत नाही, कारण साधा ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनात साधारण अर्धा वेळच कोकलतो आणि मधल्या फटीत वायफाय आपली डेटाची पाकिटं सरकवून घेतं. तुमच्या कानातला ब्लूटूथ तर सेकंदाला 1600 वेळा चॅनेल बदलतो, 79 चॅनेलांवर टुणटुण उड्या मारत, आणि जिथे गर्दी दिसेल तिथे पायच ठेवत नाही. ना मालक ना वॉचमन, तरी सगळे एकमेकांना सांभाळून घेतायत. हे दृश्य तुमच्या बाजूने अजिबात चांगलं नाही.

तरीही सुधारणेचा प्रस्ताव आलाच तर घाबरवा. 2008 मध्ये टीव्ही चॅनेलांमधल्या रिकाम्या जागा इतरांना वापरू द्यायचं निघालं तेव्हा वायरलेस माईक बंद पडतील म्हणून डॉली पार्टनसारख्या गायिकेनेही एफसीसीला पत्र लिहिलं होतं. मंजुरी मिळाली ती गोष्ट वेगळी, पण अटी इतक्या चिकटल्या की धंदा फार काही उभा राहिला नाही. यातून शिका. 'नाही' कधीच म्हणू नका, 'हो, पण' म्हणा, आणि त्या 'पण'ची पन्नास पानं करा.

3.5 गिगाहर्ट्झचं उदाहरण कोणी तोंडावर मारलं तर चपळाई दाखवा. तिथे अमेरिकेच्या 2015 च्या नियमांनी 150 मेगाहर्ट्झ तीन थरांत वाटले: आधी नौदलाचं रडार वगैरे जुने हक्कदार, मग पैसे भरलेले, मग कोणीही, आणि रडार चालू झालं की खालच्यांना ती जागा आपोआप सोडावी लागते. म्हणजे ज्या पट्ट्यावर सैन्य बसलंय तोही वाटून वापरता येतो. (हे वाक्य मी लिहिलेलंच नाही असं समजा.) तुम्ही सरळ 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हणा आणि आवाज जड करा.

शेवटी, लहरी मोकळ्या करण्याच्या प्रस्तावावरची हरकत स्वतः लिहून पाठवायला विसरू नका. वायर शोधत बसू नका, घरच्या वायफायवरूनच पाठवा. तेवढ्यात कोणी ओव्हन लावला आणि अपलोड दोन सेकंद अडकलं तर बेस्टच, पटकन स्क्रीनशॉट काढा आणि पुरावा म्हणून त्याच मेलला जोडा.