बाटली ही हौस नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

शेळीची करडं वाढवण्यावरच्या माझ्या मागच्या लेखावर माण तालुक्यातल्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नाव लिहिलेलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : फाल्गुन-चैत्रात शेळ्या व्यायला लागल्या तर हिरवा चारा नसतो, दूध आटतं, म्हणजे मुळात वेळच चुकते, वार (व्याल्यावर बाहेर पडणारी झार) पडायच्या आधी चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पाजला की करडांना ढाळ लागतो, गाभणकाळ साडेपाच महिने लिहिलाय तो चूक आहे, आणि शेवटी, "बाईमाणसाची हौस म्हणून ठीक आहे, पण बाटलीनं करडं वाढवणं म्हणजे शेळीपालन नव्हे."

गाभणकाळाचं तुमचं बरोबर. पाच महिने, साधारण १५० दिवस. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. त्यात तुम्ही करडांबद्दल काही सांगितलेलंच नाही, माझ्याबद्दल सांगितलंय. हेच एखाद्या पुरुषानं लिहिलं असतं तर तुम्ही "हौस" म्हणाला असता का? आपल्या भागात शेरडं कुणाच्या जिवावर वाढतात हे माणच्या माणसाला मी आटपाडीतून सांगायला नको. बाप्या बाजाराच्या दिवशी दावं हातात धरतो. त्याआधीचे सहा महिने पाला आणणारी, लेंड्या झाडणारी, रात्री उठून डालग्याखाली, म्हणजे करडं झाकायच्या टोपलीखाली, हात घालून करडू गार तर पडलं नाही ना हे बघणारी घरातली बाईच असते. माझ्या आजीनं आयुष्यभर हेच केलं. तिला कुणी शेळीपालक म्हटलं नाही, पण घरातली दोन लग्नं बोकडांच्या पैशावर निघाली.

बाटली माझ्या हातात आली ती २०१३ च्या दुष्काळात. गाय आणि बैल चारा छावणीवर, वडील त्यांच्याजवळ, शेरडं आमच्याकडे. होळीच्या आदल्या दिवशी एक शेळी व्याली, तीन करडं झाली. शेळीला सड दोनच. दोन दांडगी करडं कासेला चिकटली, तिसरी पाठ (मादी करडू) मागं राहिली, मुठीत मावेल एवढी. पहिल्या दिवशी मी तिला चमच्यानं दूध ओतून पाजलं. घरात सगळे तसंच करायचे. आधीच्या वर्षी तसंच ओतताना एक करडू ठसकलं होतं, घरघरायला लागलं आणि सकाळपर्यंत गेलं, ते डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी भावानं तालुक्यातून निप्पल आणलं, आणि ती पाठ जगली.

का जगली ते नंतर कळलं. करडू मान वर करून चोखतं तेव्हा अन्ननळीच्या टोकाशी एक पन्हाळ मिटते आणि दूध थेट चार पोटांपैकी चौथ्या पोटात, म्हणजे जिथं ते पचतं तिथं जातं. घशात ओतलं किंवा ताटलीतून घटाघट पिऊ दिलं, तर ते पहिल्या मोठ्या पोटात सांडतं. त्या वयात ते पोट तयारच नसतं. दूध तिथं नासतं, पोट फुगतं, मग ढाळ. करडू पाला चावायला लागतं साधारण दोन आठवड्यांनी, तेव्हा कुठं ते पोट घडायला सुरुवात होते. तुम्ही जिला हौस म्हणता ती बाटली चोखायला लावते, एवढंच तिचं काम. दूध अंगाच्या उबेइतकं कोमट, थोडं-थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. आई मेलेली असेल, तिसरं करडू असेल किंवा शेळी लाथ मारून जवळ येऊ देत नसेल, तेवढ्यापुरतंच. आईचं दूध पुरतंय तिथं बाटली लावा असं मी कधीच लिहिलेलं नाही. लेख पुरता वाचला असतात तर हे वाक्य लिहायची वेळ आली नसती.

त्या पाठीच्या वंशातल्या आज सात शेळ्या माझ्या गोठ्यात आहेत. त्यांतल्या एकीलाही बाटली लागलेली नाही. ही हौस असेल तर असो.

विण्याच्या वेळेबद्दल काय बोलायचं? आमच्याकडे टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून मकवान (मक्याचा हिरवा चारा) असतं, कोरडवाहूत नसतं. ज्यानं-त्यानं आपल्या चाऱ्याचं बघावं. बोकड कळपात मोकळा असला की शेळ्या पंचांग बघून गाभण राहत नाहीत.

चिकाचं मात्र सोडून देता येत नाही, कारण तुमचं वाचून कुणी करडू उपाशी ठेवलं तर ते मरेल. शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती सगळी चिकात असते, आणि करडाचं आतडं ती पहिल्या दिवसापुरतीच घेऊ शकतं, आणि ती घ्यायची आतड्याची क्षमताही तासागणिक कमी होत जाते. म्हणून जन्मल्यावर तासाभराच्या आत पहिला चीक, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. दोन किलोच्या करडाला २०० मिली, तोही चार वेळांत वाटून. वार पडायची वाट बघण्यात कधीकधी निम्मा दिवसही जातो. उलट करडू चोखायला लागलं की शेळीचं गर्भाशय आवळतं आणि वार पडायला मदतच होते. ढाळ लागतो तो एकदम भरमसाट पाजल्यानं, घाणेरड्या सडानं, ओल्या जागेनं. मी सड धुऊन, पहिल्या दोन धारा काढून मगच करडू लावते. नाळेला टिंक्चर आयोडीन.

तुमची वीस शेरडं आहेत असं लिहिलंय. चांगली गोष्ट आहे. त्यांचं डालगं रात्री कोण उघडून बघतं, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी तिला विचारून लिहा, मी वाट बघते.