हातभार

पंखा थोडा हळू करावा, एवढे सांगण्यासाठी मी हात वर केला होता. नेमक्या त्याच वेळी व्यासपीठावरून "पुस्तके हलवण्याची जबाबदारी कोण घेणार?" असे विचारले गेले होते, ही गोष्ट मला टाळ्या वाजू लागल्यावर समजली. आमच्या छोट्या गावाच्या सार्वजनिक वाचनालयाच्या नूतनीकरणात 'ग्रंथ स्थलांतर उपसमिती' स्थापन झाली ती अशी; आणि तिचा निमंत्रक, सदस्य व हमाल या तिन्ही पदांवर माझी बिनविरोध निवड झाली. पंखा सभा संपेपर्यंत त्याच वेगाने फिरत राहिला.

नूतनीकरणाची गरज होती, यात वाद नव्हता. कवितासंग्रहांच्या कपाटालगत छत गळत असे आणि तिथे ठेवलेली बादली इतकी जुनी होती की वार्षिक ग्रंथपडताळणीत तिचीही नोंद होत असावी, असा माझा समज आहे. सगळी कपाटे कुलूपबंद होती. काचा इतक्या धुरकट झाल्या होत्या की पुस्तकाचे नाव वाचायचे तर आधी रुमाल काढावा लागे, नंतर ग्रंथपालबाईंकडून किल्ली मिळवावी लागे आणि शेवटी ते पुस्तक आपल्याला का हवे आहे याचा समाधानकारक खुलासा करावा लागे. आता छत नवे होणार होते, कपाटे जाऊन उघड्या मांडण्या येणार होत्या आणि वाचकाने स्वतः हिंडून पुस्तक निवडावे अशी मुक्तद्वार पद्धत सुरू होणार होती.

प्रश्न होता तो हे सर्व कोण करणार, हा. अध्यक्षांनी त्या सभेत अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचा दाखला दिला. कार्नेगींनी जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांसाठी पैसे दिले, त्यांतले पहिले १८८३ साली स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन या त्यांच्या जन्मगावी उघडले. मात्र पुढे देणगी देताना त्यांची सर्वसाधारण अट अशी असे की जागा गावाने द्यावी आणि इमारतीच्या खर्चाच्या एक दशांश इतकी रक्कम दर वर्षी ती चालवण्यासाठी गावानेच उभी करावी. लोकसहभागाचे महत्त्व त्या थोर माणसाने तेव्हाच ओळखले होते, असे अध्यक्ष म्हणाले. ते खरेच आहे. फक्त आमच्यापाशी कार्नेगी नव्हते. त्यामुळे आमच्या वाट्याला नुसत्या अटीच आल्या.

लोकसहभाग म्हणजे काय, हे मला पुढच्या तीन सभांत कळले. छताच्या गळतीचा विषय पाच मिनिटांत संपला, कारण त्यातले कोणालाच काही कळत नव्हते. भिंतींच्या रंगाचा विषय मात्र तीनही सभांना पुरला, कारण रंग प्रत्येकाला कळतो. फिकट निळा हवा, असे म्हणणारे आणि फिकट हिरवा हवा, असे म्हणणारे यांच्यात एवढे तट पडले की वर्तमानपत्रांच्या टेबलावरही ते समोरासमोर बसू लागले. शेवटी 'निळसर हिरवा' असा तोडगा निघाला. तो लागल्यावर दोन्ही बाजूंना आपण हरलो असे वाटले, म्हणजे तो न्याय्य असला पाहिजे.

सूचनापेटीही ठेवली होती. ती उघडली तेव्हा तीत पंख्यांबद्दल बऱ्याच सूचना निघाल्या (मी एकटा नव्हतो, हे वाचून बरे वाटले), एक सूचना सूचनापेटीची जागा चुकली असल्याची होती, आणि एका चिठ्ठीवर कापऱ्या अक्षरात फक्त एवढेच लिहिले होते: 'दुसऱ्या कपाटामागची खिडकी उघडावी.' तिथे खिडकी नाही, असे सर्वांचे एकमत झाले. पुढे ते कपाट हलवले तेव्हा त्यामागे खरोखरच एक खिडकी निघाली, दोन झडपांची, आतून कडी लावलेली, आणि कडीत अडकवलेली एक सुतळी. चिठ्ठी कोणाची, हे कधीच कळले नाही. कोणीतरी ती खिडकी उघडी असताना तिथे बसून वाचले असले पाहिजे, आणि नंतर इतकी वर्षे ती बंद असल्याचे लक्षात ठेवून मुकाट्याने वर्गणी भरली असली पाहिजे.

माझ्या खात्याकडे वळतो. पुस्तके हलवणे म्हणजे काय, याची कल्पना मला आमच्या सभासदांपैकी एका निवृत्त अभियंत्यांनी दिली. राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात, तर ग्रंथसाठ्याच्या खोलीची ६०० किलो किंवा त्याहून अधिक धरून बांधावी लागते, असे त्यांनी मला प्रसन्न चेहऱ्याने सांगितले. ज्ञानाला वजन असते हे मी भाषणांत ऐकले होते. ते पाठीच्या मणक्यांतून कसे जाणवते, ते पहिल्याच दिवशी कळले. त्यातही गुळगुळीत कागदावरचे विश्वकोश सर्वांत दुष्ट. त्या कागदाला चकाकी यावी म्हणून चिनी मातीचा लेप देतात, म्हणजे असा एकेक खंड उचलताना आपण बऱ्याच अंशी मातीच उचलत असतो. मी चार खंड एकदम उचलले आणि पुढचे दोन दिवस कोणालाही वाकून नमस्कार केला नाही. माझ्या वागण्यात ताठा आला आहे, अशी त्यावर चर्चा झाली.

किडींचा प्रश्न वेगळाच. कसर पुस्तकाच्या बांधणीतली खळ खाते, हे ठाऊक होते. उपाय ठाऊक नव्हता. पुस्तके गोठवली की कीड मरते, असे एका उत्साही तरुणाने कुठेसे वाचले होते. ते खरे आहे. मोठ्या संग्रहालयांत पुस्तके नीट गुंडाळून उणे २० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही थंड जागी काही दिवस ठेवतात. परंतु त्या तरुणाने कोणालाही न विचारता एका ऐतिहासिक कादंबरीचे दोन भाग घरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले, आणि त्याच्या आईचा जो दूरध्वनी आला तो उपसमितीचा निमंत्रक या नात्याने मलाच घ्यावा लागला.

छताचे काम निघाल्यावर पुस्तके पलीकडच्या सभागृहात न्यायची ठरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरात २०१८ साली एका पुस्तकाच्या दुकानाने नव्या जागेत जाताना दोनशेहून अधिक माणसांची साखळी केली आणि सुमारे दोन हजार पुस्तके हातोहात पोहोचवली, ही हकिगत कोणीतरी वाचून दाखवली, आणि आपणही तसेच करावे असे ठरले. रविवारी सकाळी साठ-सत्तर माणसे रांगेत उभी राहिली. लहान मुले, त्यांच्या आज्या, निळे आणि हिरवे, सगळे होते. पहिली वीस मिनिटे पुस्तके अशी सुंदर वाहत होती की माझा ऊर भरून आला.

मग चौदाव्या क्रमांकावरचे आजोबा थांबले. त्यांच्या हातात एक रहस्यकथा आली होती आणि तिचे पहिले पान उघडे होते. तेरावा माणूस पुस्तके पुढे करीत राहिला. ती आजोबांच्या पायांशी साठत गेली. मी धावत गेलो. आजोबांनी मान वर न करता उजवा हात उंचावून मला थांबायची खूण केली, कारण तिकडे नुकताच खून झाला होता. त्यांची समजूत घालून येतो तोवर तिसाव्या क्रमांकावर एक बाई पाकशास्त्राच्या पुस्तकातून काहीतरी उतरवून घेत होत्या आणि शेवटाकडच्या तीन मुलांनी तर रांग सोडून पायरीवर बैठकच मारली होती. साउदॅम्प्टनच्या साखळीत असे काही घडल्याचे ऐकिवात नाही. मानवी साखळी हा उत्तमच उपाय आहे. पण तिच्या कड्या वाचनालयाच्या सभासदांतून निवडू नयेत, एवढी सुधारणा मला सुचवावीशी वाटते. दुपारपर्यंत जेवढी पुस्तके सभागृहात पोहोचली, त्यांच्यापेक्षा जास्त "एवढे एक नावावर लिहून ठेवा हो" असे म्हणत लोकांनी काखेत मारली.

त्यातूनच दत्तक योजना निघाली. सभागृह पुरणार नव्हते हे उघडच होते. तेव्हा प्रत्येक घराने एकेक गठ्ठा काम पूर्ण होईपर्यंत सांभाळावा, असे ठरले. ग्रंथपालबाईंनी प्रत्येक गठ्ठ्याची दाखल क्रमांकांनिशी यादी केली आणि आम्हां सर्वांना एकच नियम घातला, "पुस्तकांतल्या खुणा काढायच्या नाहीत. जिथल्या तिथे राहू द्या." त्या खुणांचेच एक प्रदर्शन भरले असते. बसची तिकिटे, मोरपिसे, पिंपळाची जाळी झालेली पाने, औषधाची चिठ्ठी, एक न टाकलेले पत्र (ते मी वाचले नाही, मायना तेवढा दिसला), आणि एका जाडजूड तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात बाराव्या पानावर पत्त्यांतला एक गुलाम. त्यापुढे त्या ग्रंथात खूण नव्हती.

कोणाच्या वाट्याला कोणता गठ्ठा गेला, हे केवळ दैवाने ठरवले. एका नवविवाहित जोडप्याकडे रद्द झालेल्या कायद्यांचे निवाडे गेले. त्रिखंडात्मक कादंबरीचा पहिला खंड एका घरी, दुसरा दोन गल्ल्यांपलीकडे आणि तिसरा, जिथे दार फारसे कोणी उघडत नसे अशा घरी. वाचक मात्र चिकाटीचे. ते पुस्तकाच्या शोधात घरोघर जाऊ लागले, आणि वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोललेली माणसे "तुमच्याकडे भूगोल आहे ना?" अशी सुरुवात करून तासभर बसू लागली. आमच्याकडे बालविभाग होता. रोज संध्याकाळी घरात पंधरा-वीस मुले असत. पायपुसण्यावर पाय पुसावेत, यासारखा साधा नियम लावण्यातही माझा प्रभाव पडत नाही, हे मला त्या काळात समजले.

सहा महिन्यांनी नवी मांडणी तयार झाली आणि पुस्तके लावायची वेळ आली. मेल्विल ड्यूई या गृहस्थांनी १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडून ठेवले आहेत. विज्ञान ५००पासून, साहित्य ८००पासून, इतिहास-भूगोल ९००पासून. काटकसरीची त्यांना एवढी हौस की त्यांनी स्वतःच्या नावातलीही जादा अक्षरे काढून टाकली होती. आमच्या स्वयंसेवकांना मात्र ड्यूई मान्य नव्हते. एका गटाने पुस्तके उंचीप्रमाणे लावली. दुसऱ्याने रंगाप्रमाणे लावली, आणि तिथे निळ्या-हिरव्यांचे जुने भांडण पुन्हा पेटले. एका काकांनी अख्खी भिंत पुस्तकांच्या पाठी आत आणि पाने बाहेर करून लावली. "धूळ नावावर बसत नाही," असे त्यांचे म्हणणे. त्यांना नाउमेद करवेना म्हणून मी म्हणालो की इंग्लंडमध्ये हेरेफर्डच्या कॅथीड्रलमधल्या जुन्या ग्रंथालयात पुस्तके अशीच लावलेली आहेत. तिथे ती साखळीने बांधलेली असतात, आणि पाठ आत ठेवली की साखळीचा गुंता होत नाही, हे मी सांगितले नाही. ते काका आता सर्वांना हेरेफर्डचे उदाहरण देतात.

ग्रंथपालबाई हे सर्व पाहत होत्या. त्या कोणालाही काही बोलल्या नाहीत. सर्वांचे आभार मानले, सर्वांना घरी पाठवले, आणि मग शिपायाला हाताशी धरून पंधरा दिवस रात्री उशिरापर्यंत थांबून प्रत्येक पुस्तक वर्गांकाप्रमाणे लावले. आपल्याकडचे थोर ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. ग्रंथपालाच्या वेळेबद्दल त्या पाचांत काही नाही.

शेवटी पडताळणी झाली आणि एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. जेवढी पुस्तके दत्तक गेली होती, त्यापेक्षा एकोणीस जास्त परत आली होती. अध्यक्षांना वाटले, बेरीज चुकली. बाईंनी दोनदा मोजले. त्यांतली सात लोकांनी घरातली अडगळ म्हणून गुपचूप ढकललेली होती. एका वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका तर चक्क शास्त्र विभागात उभी होती. उरलेल्या बारांवर वाचनालयाचाच शिक्का होता. ती सर्व दाखल नोंदवहीत लाल शाईने 'गहाळ' लिहिलेली होती, आणि गठ्ठ्यांच्या गर्दीत ती एकेक करून, रात्रीच्या अंधारात चोर परतावा तशी, घरी आली होती.

त्यांतले एक माझे होते. बावीस वर्षांपूर्वी नेलेले प्रवासवर्णन. बालविभागाच्या गठ्ठ्यात खालून तिसरे असे मी ते सरकवले, सुतळीची गाठ पहिल्यासारखी मारली, आणि बावीस वर्षांचे ओझे उतरल्याच्या आनंदात उद्घाटनाला गेलो.

नव्या वाचनालयात त्या सापडलेल्या खिडकीतून ऊन आत आले होते. बाईंनी मला देवघेवीच्या टेबलाजवळ बोलावले, टेबलावर ते प्रवासवर्णन ठेवले आणि आतली खूण दोन बोटांनी थोडी वर ओढून दाखवली. वाचनालयाच्याच वर्गणीची पावती होती. ठळक अक्षरात नाव माझे.

दंडाचा हिशेब मी मनात करू लागलो होतो. बाईंनी तारखेचा शिक्का उचलला, त्यावरची चाके फिरवून जुळवली आणि पुस्तकाच्या आतल्या चिठ्ठीवर उमटवला.

"खूण अडतिसाव्या पानावरच आहे तुमची," पुस्तक माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या. "चौदा दिवस."